बाटली वालीवची, अपेक्षा शेअर बाजाराच्या

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेकडून गोखिवऱ्यामार्गे मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे निघालेला रस्ता वालीव नाक्याशी पोहोचेपर्यंत दोन्ही बाजूंना औद्योगिक गाळ्यांच्या रांगा लागतात. प्लास्टिकचे साचे, पुठ्ठ्याची खोकी, अभियांत्रिकीचे सुटे भाग, रंग, रसायने, औषधे आणि सौंदर्यप्रसाधने असे नाना प्रकारचे उत्पादन येथे होते. मुंबईतील जागेचे भाव आवाक्याबाहेर गेले तेव्हा लहान कारखानदार वसईच्या पूर्वेस सरकले आणि भातशेतीच्या गावाची औद्योगिक वस्ती झाली. गेल्या काही वर्षांत या यादीत आणखी एका मालाची भर पडली आहे. त्वचा नितळ, तजेलदार आणि तरुण राहावी म्हणून पोटात घ्यायच्या गोळ्या, भुकटी आणि चघळण्याच्या वड्या, म्हणजेच त्वचेच्या आरोग्यासाठीची आहारपूरके.

अशा एखाद्या डब्याच्या मागील बाजूचा बारीक मजकूर वाचला, तर बऱ्याचदा दोन पत्ते आढळतात. एक विपणन करणाऱ्या कंपनीचा. तो मुंबई, गुरुग्राम किंवा बंगळूरु येथील एखाद्या कार्यालयाचा असतो. दुसरा उत्पादकाचा. तो वसईसारख्या एखाद्या औद्योगिक वसाहतीतला असतो. या दोन पत्त्यांमध्ये जे अंतर आहे, त्यातच गुंतवणूकदारांच्या अपेक्षांचे सारे गणित दडलेले आहे. नवे पूरक बाजारात आले की कंपनीच्या भवितव्याविषयी मोठमोठे अंदाज बांधले जातात. परंतु गुंतवणूकदार नेमके कशासाठी पैसे मोजतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

अपेक्षा कोठून आल्या?

या क्षेत्राकडे भांडवलाचे लक्ष वेधले जाण्याची कारणे उघड आहेत. मुंबईतील दोन जुन्या, सावध समजल्या जाणाऱ्या कंपन्यांनी या व्यवसायात पैसा घातला. हिंदुस्तान युनिलिव्हरने डिसेंबर २०२२ मध्ये 'ओझिवा' या मुंबईतील नाममुद्रेमागच्या कंपनीत ५१ टक्के हिस्सा सुमारे २६४ कोटी रुपयांना घेण्याचे जाहीर केले. उरलेला ४९ टक्के हिस्सा तीन वर्षांनंतर आधी ठरलेल्या निकषांनुसार घेण्याची तरतूद त्या करारातच होती. त्याच वेळी 'वेलबीइंग न्यूट्रिशन' या दुसऱ्या नाममुद्रेच्या कंपनीत १९.८ टक्के हिश्शासाठी ७० कोटी रुपये देण्याचे ठरले. पाठोपाठ जुलै २०२३ मध्ये मॅरिकोने 'प्लिक्स'च्या मूळ कंपनीत ५८ टक्के हिस्सा टप्प्याटप्प्याने ३६९ कोटी रुपयांना घेण्याचा निर्णय जाहीर केला.

या तिन्ही नाममुद्रा केवळ त्वचेच्या नाहीत. प्रथिने, पचन, वजन, केस अशा अनेक कारणांसाठी त्यांची उत्पादने आहेत. पण त्वचा आणि केस हे त्यांच्या दुकानातील दर्शनी फळीवरचे विषय आहेत. या व्यवहारांवरून ढोबळ हिशेब केला, तर ओझिवाची एकूण किंमत सुमारे ५१८ कोटी, वेलबीइंग न्यूट्रिशनची सुमारे ३५३ कोटी आणि प्लिक्सची सुमारे ६३६ कोटी रुपये धरली गेली होती. या तिन्हीही मोजक्या वर्षांच्या कंपन्या होत्या. जमीन, यंत्रे किंवा पेटंट यांच्या बळावर ही किंमत आलेली नव्हती. ग्राहकाच्या मनातील नाव आणि दर महिन्याला पुन्हा येणारी मागणी, यांची ती किंमत होती.

जानेवारी २०२५ मध्ये या विचाराला आणखी बळ मिळाले. हिंदुस्तान युनिलिव्हरने 'मिनिमलिस्ट' या त्वचा-निगा नाममुद्रेचा ९०.५ टक्के हिस्सा घेण्याचे ठरवताना तिचे मूल्य २,९५५ कोटी रुपये धरले. २०२३-२४ मध्ये त्या कंपनीची उलाढाल सुमारे ३५० कोटी रुपये होती. म्हणजे उलाढालीच्या आठपटीहून अधिक किंमत दिली गेली. मिनिमलिस्टचा मुख्य माल त्वचेवर लावण्याचा, पोटात घेण्याचा नव्हे. तरीही 'त्वचा' या विषयाभोवती उभ्या राहिलेल्या नावाला बाजार काय किंमत देऊ शकतो, याचा तो दाखला ठरला. तेव्हापासून प्रत्येक नव्या पूरकाकडे हीच मोजपट्टी लावून पाहण्याचा मोह वाढला आहे.

गाळ्यातले गणित

आता दुसऱ्या पत्त्याकडे वळू. पूरके बनविणारे कारखाने बहुधा अनेक नाममुद्रांचा माल करून देतात. कोलॅजनची भुकटी, जीवनसत्त्वे, जस्त, वनस्पतींचे अर्क हा कच्चा माल बाहेरून येतो. तो ठरलेल्या प्रमाणात मिसळणे, कॅप्सूल भरणे किंवा गोळ्या पाडणे, तपासणी करणे, बाटल्या भरून त्यांवर ग्राहक कंपनीचे वेष्टन चिकटवणे, ही कामे कारखाना करतो. पुष्कळदा सूत्रही कारखान्याकडे तयार असते. नव्या उद्योजकाने त्यातील एक निवडायचे, चव, रंग आणि नाव ठरवायचे आणि पहिली खेप मागवायची. परवाने आणि तपासणी अहवाल यांचा सोपस्कार पूर्ण झाला की नवे उत्पादन बाजारात येऊ शकते.

ही सोय उद्योजकाच्या फायद्याची आहे. गुंतवणूकदाराने मात्र तिच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहिले पाहिजे. जी वस्तू एका नाममुद्रेसाठी करून मिळते, ती दुसऱ्या नाममुद्रेसाठीही मिळू शकते. कायद्याने आहारपूरकांतील जीवनसत्त्वे व खनिजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सुचविलेल्या दैनंदिन गरजेच्या मर्यादेत ठेवावी लागतात. त्यामुळे मात्रा वाढवून वेगळेपण दाखविण्यासही फारसा वाव उरत नाही. डब्यातील माल जवळपास सारखा, त्यांवरील नावे मात्र वेगवेगळी, अशी या बाजाराची स्थिती आहे.

कच्च्या मालाची साखळीही यास अपवाद नाही. कोलॅजन हे प्राण्यांच्या कातडीत, हाडांत आणि माशांच्या खवल्यांत असणारे प्रथिन. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरजवळ बामणी येथे हाडांपासून ओसीन बनविणारा कारखाना आहे. तो केरळमधील निट्टा जिलेटिन या नोंदणीकृत कंपनीच्या समूहातील आहे, आणि ओसीनपासून जिलेटिन, तर पुढील प्रक्रियेतून कोलॅजन पेप्टाइड तयार होते. म्हणजे चेहऱ्यावरील तजेल्याच्या जाहिरातीमागे हाडांच्या भुकट्याचा रोकडा व्यवहार असतो. शाकाहारी ग्राहकांसाठी 'कोलॅजन वाढविणारी' वनस्पतिजन्य पूरके विकली जातात. त्यांत कोलॅजन नसतेच. शरीराला ते बनविण्यास मदत व्हावी म्हणून 'क' जीवनसत्त्व व वनस्पतींचे अर्क असतात. हा भेद वेष्टनावरील मोठ्या अक्षरांत सहसा दिसत नाही.

करून देणाऱ्या कारखान्यांनाही आता शेअर बाजाराचे दार उघडले आहे. ठाणे-पालघर पट्ट्यात आहारपूरके आणि सौंदर्यप्रसाधने तयार करणाऱ्या इन्फ्लक्स हेल्थटेक या कंपनीने जून २०२५ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या मंचावर सुमारे ५९ कोटी रुपयांची प्रारंभिक भागविक्री केली. ९६ रुपयांना दिलेला समभाग २५ जून रोजी १३२ रुपयांच्या पुढे नोंदला गेला. पहिल्याच दिवशी सुमारे ३८ टक्क्यांची वाढ झाली. भागविक्रीच्या भावाने या कंपनीचे मूल्य तिच्या सुमारे शंभर कोटींच्या वार्षिक उलाढालीच्या दुपटीहून थोडे अधिक होते.

हे प्रमाण मिनिमलिस्टच्या आठपटीशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. दोन्ही व्यवसाय वेगळे, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण कल स्पष्ट दिसतो. बनविणाऱ्याला दुप्पट, नाव चालविणाऱ्याला आठपट. गुंतवणूकदार कारखान्यातील मालाला नव्हे, तर ग्राहकाच्या सवयीला जास्त किंमत देतो. म्हणूनच नव्या पूरकाविषयीच्या अपेक्षा पारखायच्या असतील, तर ती सवय खरोखर लागणार आहे का, एवढेच विचारावे लागते.

सवय कशावर टिकते?

सवयीचे अर्थकारण समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. समजा, महिनाभर पुरणारा पूरकाचा डबा सवलतीनंतर ७०० रुपयांना विकला गेला. त्यातून पाच टक्क्यांच्या दराने सुमारे ३३ रुपये कर गेला. विक्रीमंचाचे कमिशन, पोहोचविण्याचा खर्च आणि परत आलेला माल यांपोटी २०० रुपये गेले. बनविणे व बांधणी यांस १५० रुपये लागले. हातात ३१७ रुपये उरले. पण तो ग्राहक मिळविण्यासाठी जाहिरातीवर ४०० रुपये खर्च झाले असतील, तर पहिल्या विक्रीत कंपनीला ८३ रुपयांचा तोटा झाला. तोच ग्राहक जाहिरातीविना दुसऱ्यांदा आला, तर ३१७ रुपये मिळतात आणि हिशेब नफ्यात येतो. चारांपैकी एकच ग्राहक एकदा परतला, तरी कंपनी तोट्यातच राहते. दोघांपैकी एक परतला, तर पगार आणि कार्यालयाचा खर्च भागविण्यास काही उरते.

म्हणजे विक्रीचा आकडा कितीही वाढला, तरी पुनर्खरेदीचे प्रमाण कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. नव्या ग्राहकांची संख्या जाहिरातीने विकत घेता येते, परतणारा ग्राहक तसा विकत मिळत नाही. अनावरणानंतरच्या पहिल्या दोन तिमाहींत विक्री दुप्पट झाल्याची बातमी येते, तेव्हा त्या विक्रीमागे जाहिरातीचा किती पैसा ओतला गेला हे पाहिले पाहिजे.

'ममाअर्थ'ची मूळ कंपनी होनासा कन्झ्युमर हिचा अनुभव येथे बोलका आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ३२४ रुपये दराने तिचे समभाग विकले गेले. २०२२-२३ या वर्षात कंपनीने उलाढालीच्या एक तृतीयांशाहून अधिक रक्कम जाहिरातीवर खर्च केली होती. पुढे वितरण व्यवस्था बदलताना व्यापाऱ्यांकडे साठलेला माल कमी करावा लागला आणि सप्टेंबर २०२४ ला संपलेल्या तिमाहीत कंपनीला सुमारे १८ कोटी रुपयांचा तोटा झाला. निकालानंतरच्या पहिल्या सत्रात समभाग २० टक्के कोसळून भागविक्रीच्या भावाखाली गेला. हा व्यवसाय मुख्यतः लावण्याच्या प्रसाधनांचा. तरी धडा पूरकांनाही लागू पडतो. कंपनीकडून माल बाहेर पडणे आणि तो ग्राहकाच्या घरात संपणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. गुंतवणूकदाराला पहिली दिसते आणि नफा दुसरीवर अवलंबून असतो.

पुरावा काय सांगतो?

ग्राहक परत येईल की नाही, हे अखेर परिणामावर ठरते. त्वचेच्या बाबतीत परिणाम दिसण्यास वेळ लागतो. त्वचेचा बाह्य थर नवा होण्यास साधारणतः महिनाभर जातो आणि वयाबरोबर हा काळ वाढतो. कोलॅजनवरील चाचण्या बहुधा दोन ते तीन महिन्यांच्या असतात. जाहिरात मात्र पहिल्या डब्यातच बदल सुचविते. तीन महिने धीर धरणारा ग्राहक थोडा आणि पहिल्या महिन्यात निराश होणारा फार, ही या व्यवसायाची मूळ अडचण आहे.

चाचण्यांचे निष्कर्षही सरळ नाहीत. २०२१ मध्ये १९ चाचण्यांतील ११२५ व्यक्तींच्या माहितीचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सुमारे ९० दिवस कोलॅजन घेतल्यास त्वचेतील ओलावा व लवचिकता सुधारते आणि सुरकुत्या कमी होतात, असा त्याचा सूर होता. अनेक जाहिरातींचा आधार असेच अभ्यास असतात. परंतु २०२५ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २३ चाचण्यांतील १४७४ व्यक्तींच्या माहितीवर आधारलेला दुसरा आढावा आला. सर्व चाचण्या एकत्र घेतल्या, तर त्यातही फायदा दिसला. मात्र पैसा कोणी दिला यानुसार चाचण्या वेगळ्या केल्यावर चित्र पालटले. औषध कंपन्यांचा निधी नसलेल्या चाचण्यांत ओलावा, लवचिकता किंवा सुरकुत्या यांपैकी कशातही लक्षणीय फरक आढळला नाही. उच्च दर्जाच्या चाचण्यांतही तेच घडले.

याचा अर्थ सर्वच पूरके निरुपयोगी आहेत, असा नाही. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निकोटिनामाइड या 'ब' गटातील जीवनसत्त्वाच्या रूपाने ३८६ रुग्णांतील काही प्रकारच्या त्वचाकर्करोगांचे नवे प्रमाण वर्षभरात २३ टक्क्यांनी घटले. हे रुग्ण आधी अशा कर्करोगाने ग्रासलेले, गोऱ्या त्वचेचे आणि उन्हाने पोळलेले होते. त्यांना रोज १००० मिलिग्रॅमची मात्रा दिली जात होती. ती दैनंदिन गरजेच्या कितीतरी पट आहे. अशा चाचणीचा दाखला देऊन गरजेच्या मर्यादेतील मात्रेचे पूरक विकणे म्हणजे दुसऱ्याच्या प्रगतिपुस्तकावर आपले नाव लिहिण्यासारखे होईल.

धोक्याचीही एक बाजू आहे. केस, नखे आणि त्वचा यांच्यासाठीच्या वड्यांत बायोटिन सर्रास असते. त्याची मोठी मात्रा घेणाऱ्यांच्या काही रक्तचाचण्यांचे निष्कर्ष चुकू शकतात, असा इशारा अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला होता. हृदयविकाराच्या निदानासाठी होणारी ट्रोपोनिन चाचणीही त्यात येते. तजेल्यासाठी घेतलेली वडी हृदयविकाराचे निदान लपवू शकते, ही बाब वेष्टनाच्या रंगीबेरंगी चित्रांत हरवते. नियामकाने किंवा न्यायालयाने उद्या या मुद्द्यावर कठोर भूमिका घेतली, तर तिचा फटका समभागालाच बसेल.

एका शब्दाची किंमत

कायद्याच्या दृष्टीने ही पूरके अन्न आहेत, औषधे नव्हेत. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली आहारपूरकांविषयीचे विनियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. रोग बरा करण्याचा दावा त्यांना करता येत नाही. औषधी वापरासाठी नसल्याची सूचना वेष्टनावर छापावी लागते. जाहिराती व दाव्यांविषयीचे वेगळे विनियम २०१८ मध्ये आले. त्याआधीपासून, १९५४ पासूनच, चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. त्वचेचा गोरेपणा हा विषय त्याच्या यादीत घालण्याचा प्रस्ताव केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये मसुद्याच्या रूपाने मांडला होता. त्याच वर्षी हिंदुस्तान युनिलिव्हरने १९७५ पासून चालत आलेल्या आपल्या गोरेपणाच्या मलमाच्या नावातील 'फेअर' हा शब्द काढून 'ग्लो' हा शब्द घातला. 'गोरेपणा' जाऊन 'तजेला' आला. नव्या पूरकांच्या वेष्टनांवर आज हाच शब्द मिरवतो आहे.

वस्तूला कोणत्या शब्दाने ओळखायचे, यावर धंद्याचे भवितव्य कसे टांगलेले असते, हे महाराष्ट्राने पूर्वी पाहिले आहे. परळमध्ये सुरू झालेल्या पेंढरकर कुटुंबाच्या विको लॅबोरेटरीजला आपले हळदीचे मलम आयुर्वेदिक औषध आहे की सौंदर्यप्रसाधन, या एकाच प्रश्नावर उत्पादन शुल्क विभागाशी अनेक वर्षे न्यायालयात झगडावे लागले. औषध ठरले तर कर कमी, प्रसाधन ठरले तर जास्त. अखेर सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. मलमात काडीचाही बदल न होता, वर्गीकरणाच्या एका शब्दावर नफ्यातोट्याचा काटा हलत होता.

पूरकांच्या बाबतीत हा काटा नुकताच अनुकूल दिशेने हलला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हा बहुतेक आहारपूरके ज्या वर्गात मोडतात त्या खाद्यपदार्थांवरील दर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. वर घेतलेल्या काल्पनिक डब्याचा भाव ७०० रुपयेच राहिला असे धरले, तर कर १०७ रुपयांवरून ३३ रुपयांवर येतो. ७४ रुपयांचा हा फरक ग्राहकाला मिळतो, कंपनीकडे राहतो की जाहिरातीत जातो, यावर पुढील काही तिमाहींचे निकाल ठरतील. करकपातीने सुधारलेला नफा आणि धंद्याने मिळविलेला नफा यांत गल्लत होऊ देता कामा नये. पहिला एकदाच वाढतो.

उलट दिशेची हालचालही संभवते. पतंजलीच्या जाहिरातींविषयीच्या प्रकरणात मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जाहिरातदारांना स्वयंघोषणापत्र देण्यास सांगितले आणि दिशाभूल करणाऱ्या उत्पादनांचा प्रचार करणाऱ्या नामवंतांवरही जबाबदारी असल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर खाद्य व आरोग्य क्षेत्रातील जाहिराती नियामकांच्या नजरेखाली आल्या. ज्या कंपनीची विक्री समाजमाध्यमांवरील प्रसिद्ध चेहऱ्यांवर उभी आहे, तिच्यासाठी ही किरकोळ बाब नाही.

लहान गुंतवणूकदाराने काय पाहावे?

हिंदुस्तान युनिलिव्हर किंवा मॅरिको यांच्यासाठी पूरकांचा व्यवसाय हा अवाढव्य पसाऱ्यातील एक कोपरा आहे. प्रयोग फसला तर ताळेबंदावर ओरखडा उमटेल इतकेच. शिवाय त्यांनी जोखमीची विभागणी करून ठेवली होती. ओझिवाचा उरलेला हिस्सा पुढे ढकलला गेला आणि प्लिक्सचा हिस्सा टप्प्याटप्प्याने घेतला गेला. मोठा खरेदीदार आधी धंदा पाहतो, मग उरलेले पैसे देतो. लहान गुंतवणूकदाराला ही सोय नसते. भागविक्रीच्या दिवशी तो पूर्ण किंमत मोजतो आणि पुढच्या तीन वर्षांच्या आशा आजच विकत घेतो.

लघुउद्योगांच्या मंचावर ही जोखीम अधिक गडद होते. कंपन्या लहान, समभागांचे व्यवहार थोडे आणि चढउतार तीव्र. म्हणूनच सेबीने डिसेंबर २०२४ मध्ये नियम कडक करण्याचे ठरविले. आधीच्या तीन वर्षांपैकी किमान दोन वर्षे एक कोटी रुपयांचा कार्यचालन नफा असणे बंधनकारक झाले. प्रवर्तकांना आपले समभाग विकण्यावर मर्यादा आली. अर्जाची किमान रक्कमही दोन लाख रुपयांच्या पुढे नेण्यात आली. लहान गुंतवणूकदाराने या मंचापासून जपून राहावे, असाच त्यामागील संकेत आहे.

तरीही ज्याला या क्षेत्रात उतरायचे आहे, त्याने अनावरणाच्या झगमगाटाऐवजी चार गोष्टी शोधाव्यात. पहिली, जुन्या ग्राहकांकडून येणाऱ्या विक्रीचे प्रमाण. कंपनी ते सांगत नसेल, तर जाहिरात खर्च स्थिर राहूनही विक्री वाढते का, हे वार्षिक अहवालातून पाहावे. दुसरी, दाव्यामागील चाचणी. ती याच सूत्रावर, याच मात्रेत झाली आहे का आणि तिचा खर्च कोणी केला? तिसरी, व्यापाऱ्यांकडील थकबाकी व मालाचा साठा. विक्रीपेक्षा हे दोन्ही वेगाने वाढत असतील, तर माल ग्राहकापर्यंत पोहोचलेला नाही. चौथी, उत्पादक कंपनी असेल तर तिचे किती ग्राहक आहेत आणि त्यांतील मोठा ग्राहक निघून गेला तर काय उरेल. ही उत्तरे जाहिरातीत नसतात. ती प्रस्तावपत्रात आणि लेखापरीक्षित ताळेबंदात असतात, आणि ती वाचणारा गुंतवणूकदार विरळा.

वालीवच्या वाट्याला काय?

या साऱ्या चर्चेत वालीवचा उल्लेख सहसा होत नाही. वास्तविक पूरकाची विश्वासार्हता ठरते ती येथे. भुकटी शुद्ध आहे का, त्यात जड धातू नाहीत ना, वेष्टनावर छापलेली मात्रा गोळीत खरोखर आहे का, प्रत्येक खेपेची तपासणी होते का, हे सारे गाळ्यात ठरते, गुरुग्रामच्या कार्यालयात नव्हे. तरी किंमत ठरविताना या कामाला सर्वांत कमी वजन मिळते. नाममुद्रांमध्ये भावयुद्ध सुरू झाले की पहिली काटछाट उत्पादकाच्या दरात होते. तो दर खाली आला की तपासणी, कामगारांचे प्रशिक्षण आणि स्वच्छता यांवर ताण येतो. स्वस्त खेप उद्याची महागडी तक्रार ठरू शकते, हे गुंतवणूकदाराच्या तक्त्यात कोठेही लिहिलेले नसते.

वसईच्या औद्योगिक पट्ट्याच्या स्वतःच्या अडचणी आहेतच. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका स्थापन झाली आणि २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. पण नियोजनाआधीच वाढलेल्या गाळ्यांच्या वस्तीला रस्ते, पाण्याचा निचरा आणि अखंड वीज यांची ओढाताण सुटलेली नाही. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला, रेल्वे ठप्प झाली आणि जनजीवन काही दिवस विस्कळीत झाले. ओलाव्यापासून जपावयाचा माल बनविणाऱ्या कारखान्यासाठी पावसाळा ही केवळ गैरसोय नसते. त्या वेळी माल सुकवण्याची, साठवण्याची आणि तपासण्याची खरी कसोटी लागते. त्वचा उजळविण्याच्या व्यवसायात येणारा पैसा या कसोटीवर खर्च होतो की केवळ जाहिरातीच्या पडद्यावर, हा प्रश्न वालीवच्या कामगाराइतकाच समभागधारकाच्याही हिताचा आहे.

त्वचेच्या पूरकांचा बाजार वाढेल, याविषयी फारशी शंका नाही. शहरी उत्पन्न, समाजमाध्यमांवरील चेहऱ्यांचे वेड आणि घटलेला कर ही तिन्ही कारणे त्या बाजूने आहेत. मात्र बाजार वाढणे आणि त्यातील विशिष्ट कंपनीला नफा होणे यांत मोठी दरी असते. ही दरी ओलांडण्यासाठी ग्राहकाने चौथ्या महिन्यातही तोच डबा मागवावा लागतो. तो मागवील की नाही, हे समभागाच्या पहिल्या दिवसाच्या भावातून कळत नाही. ते त्याच्या आरशातून कळते आणि आरशाला जाहिरात वाचता येत नाही.